वास नसलेली हवा

बाटली कधी कलंडली ते रोझेनला कळलंच नाही. खिडकीजवळच्या टेबलाशी वाकून ती कुणा म्हाताऱ्याच्या कवळीच्या हिरड्या कोरत होती. मेणाच्या पातळ साली सुरीवरून गळून मांडीवर पडत होत्या, आणि हिरड्यांचा गुलाबी मसाला कालवायचं ते उग्र द्रावण टेबलावरून वाहत वाहत तिच्या कोपरापर्यंत आलं होतं. बाहीला ओल लागली तेव्हा तिला वाटलं, पाणी असेल. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची सोलेन दार ढकलून आत आली, नाकावर ॲप्रनचं टोक दाबून, आणि उंबऱ्यातच थबकली. "अगं, मारतेस का सगळ्यांना? खाली जिन्यापर्यंत आलाय वास. खिडकी तरी उघड." रोझेननं आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. द्रावणाचं तळं उन्हात चमकत होतं. सोलेनच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. रोझेननं नाकानं खोल श्वास ओढला. काही नाही. हवा स्वच्छ होती, सकाळी धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी. हातातली सुरी तिनं खाली ठेवली, कवळी ठेवली, आणि कोट न घेताच ती जिना उतरून रस्त्यावर आली. सोलेन वरून हाका मारत होती. तिला त्या ऐकू येत होत्या, पण मागे वळायचं काही पायांना सुचत नव्हतं.

रेन शहरातली ती गल्ली वासांनी भरलेली असायची. कोपऱ्यावर पाववाला, पलीकडे चपला शिवणारा, त्याच्या पलीकडे मासळीवाली बाई. त्या प्रत्येकाच्या दारात उभी राहून तिनं श्वास घेतला. पाववाल्याच्या दारात तर ती इतका वेळ उभी राहिली, की आतल्या बाईनं विचारलं, "काय देऊ?" पाव दिसत होते, गरम होते, तिनं एक हातात घेतला तर बोटं भाजली. वास नव्हता. आठवड्यापूर्वी सर्दी झाली होती, आणि सर्दीनं असं होतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण डोक्याला जे कळतं ते पोटाला कळतंच असं नाही, आणि तिच्या पोटात त्या वेळी एक जुनं जनावर उठून बसलं होतं. ते तिला सांगत होतं, इथून पळ. कुठे पळायचं ते मात्र सांगत नव्हतं. हवा तर सगळीकडेच स्वच्छ होती.

स्वच्छ हवेची तिला पहिली भेट झाली होती केरवेलेकच्या किनाऱ्यावर. तिचं गाव. उन्हाळ्याची सुरुवात होती, ती सुटीसाठी आली होती, आणि आई, स्वाझिग, ओहोटीला शिंपल्या वेचायला ओढ्याच्या तोंडाशी गेली होती. जेवायची वेळ झाली तरी आली नाही, म्हणून रोझेन तिला बोलवायला निघाली. त्या वर्षी हिरवं शेवाळ फार आलं होतं. कोशिंबिरीच्या पानासारखं पातळ, हिरवंगार, लाटांनी आणून ढिगानं टाकलेलं. त्यावर ऊन पडलं की वरची पापडी पांढरट होऊन वाळते आणि खाली सगळं कुजत राहतं. सडक्या अंड्यांचा वास वाटेवरच आला. तिनं पदरासारखी गळपट्टी तोंडावर घेतली. लांबून आई दिसली, पालथी, जणू वाळूला कान लावून काही ऐकत असलेली. रोझेन धावली. वास वाढत गेला, घशात बोटं घातल्यासारखा, डोळ्यांत मिरची गेल्यासारखा, आणि मग मधेच कुठेतरी एकदम थांबला. तिला अजून आठवतं, तिला तेव्हा बरं वाटलं होतं. सुटले बाई, असं वाटलं होतं. हवा किती छान झाली, असा विचार करत तिनं आईच्या दिशेनं आणखी काही पावलं टाकली, आणि गुडघे कुणी मागून कोयत्यानं छाटावेत तसे गेले. शुद्धीवर आली ती वरच्या कोरड्या वाळूत, आणि तिचे केस बाबांच्या मुठीत होते. त्यांच्या हाताला तेवढेच लागले होते. तिला आधी ओढलं होतं, कारण ती जवळ होती. मग तोंडाला ओला रुमाल बांधून ते पुन्हा गेले आणि आईला आणलं, पण तोवर आणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आईला रक्तदाब होताच. गावानंही मान डोलावली, हृदयच. कुणी खोटं बोललं असं नाही, कुणी विचारलंच नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला आईच्या सख्ख्या भावाच्या, फांशमामाच्या, डुकरांच्या शेडी होत्या. तिथलं लेंडीपाणी त्याच्या मक्याच्या शेतात जायचं, शेतातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत, आणि खाडीतलं शेवाळ त्याच्यावर पोसायचं. हे शाळेत शिकवत, वर्तमानपत्रात येई, पण आईच्या मयताला जमलेल्या लोकांत अर्ध्यांच्या घरात डुकरं होती आणि उरलेल्यांची पोरं त्या डुकरांवर कामाला होती. मामा कबरीशी टोपी छातीला लावून उभा होता. बाबांनी त्याच्याशी हात मिळवला. पुढे दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, भांडण न करताच, जशी एखाद्या विहिरीवर जायची वाट गवतानं बुजते. आणि रोझेन कायमची शहरात आली, दातांच्या कामात शिरली. कुठलाही उग्र वास आला की तिला धीर वाटे. द्रावण, मेण, गटार, पेट्रोल, काहीही. कुजलेल्या शेवाळाचा वायू वाढला की आधी नाकच मारतो; वास येतोय, म्हणजे आपण अजून अलीकडच्या बाजूला आहोत.

तिच्या डॉक्टरणीनं नाकात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, काही महिन्यांत परत येईल, बहुतेक. त्या 'बहुतेक'ला धरून रोझेन घरी आली. गॅसची कळ बंद करून शेगडीची नळी तिनं भिंतीतून काढून टाकली आणि त्या दिवसापासून थंड खाऊ लागली. झोपताना सगळ्या खिडक्या उघड्या. तरीही अंथरुणात पडल्यावर वाटायचं, खोलीत काहीतरी साचतंय, जमिनीपासून वर चढतंय, पलंगाच्या पायांपर्यंत आलंय. ती उठून खुर्चीवर बसायची. खुर्ची उंच होती.

रविवारी तिनं बाबांना फोन केला. सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं. पलीकडे म्हातारा हसला. "चला, घराण्यात आता एकही नाक उरलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, माझं केव्हाच गेलंय की. दोन-तीन वर्षं झाली. परवा दूध नासलं ते प्यायलो, तेव्हा लक्षात आलं. नाही, परवा नाही, गेल्या वर्षी."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं त्यात? म्हाताऱ्याचं एकेक सामान कमी होतच असतं. दात गेले तेव्हा तूच कवळी करून दिलीस. नाक करून देशील काय?"

त्याच हसण्याच्या ओघात ते म्हणाले, की सध्या रोज सकाळी किनाऱ्यावर जावं लागतं, चिखल्या पक्ष्यानं तिथं अंडी घातलीत, आणि शेवाळ उचलायला येणारं ते यंत्र सगळं खरवडून नेतं. म्हणून भोवती काठ्या रोवून ठेवल्यात. रोझेन जिन्यात उभी राहून बोलत होती. ती पायरीवर बसली. तिनं विचारलं, "कुठे घातलीत अंडी?" आणि बाबा म्हणाले, "अगं तिथंच, ओढ्याच्या जवळ."

केरवेलेकची बस निम्मी रिकामी होती. खिडकीबाहेर मका नुकता वीतभर वर आला होता. फांशमामाच्या शेडींची लांबलचक छपरं चढावरून आली आणि गेली. बाकीचे उतारू नाकं मुरडत होते, एकीनं खिडकी सरकवून लावून घेतली, आणि रोझेन त्या बाईच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत राहिली. प्रवासभर ती हेच करत आली होती, लोकांच्या नाकांकडे बघत. आपली तर नाहीत, निदान त्यांची तरी चालू आहेत. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, दर वर्षी ती बाबांकडे येई, पण किनाऱ्यावर उतरली नव्हती. मागच्या दारानं यायचं, स्वयंपाकघरात बसायचं, समुद्राकडची खिडकी पाठीशी घ्यायची. बाबांनी कधी विचारलं नाही. ते संध्याकाळी विळा-टोपली घेऊन एकटेच जात, तपकिरी शेवाळ आणत आणि बटाट्याच्या वाफ्यात पसरत.

बाबा, पेर केरे, आता ऐंशीच्या उंबरठ्यावर होते, पण उंच माणूस म्हातारपणी वाकतो तसे वाकले नव्हते, नुसते बारीक झाले होते. त्यांनी तिच्यासाठी काळ्या गव्हाचे घावन करून ठेवले होते, वर खारं लोणी. दोघं खायला बसले. तोंडात फक्त मीठ लागत होतं आणि गरमपणा.

"कसं झालंय?" बाबांनी विचारलं.

"छान."

"खोटारडी. मलाही लागत नाही काही. सवयीनं खायचं." मग थोड्या वेळानं, "तू सकाळी बरोबर येणार आहेस का?"

"तुम्हाला जाऊ द्यायचं नाही म्हणून आलेय मी."

"मला अडवणारी ती गेली," बाबा म्हणाले. लोणी पुसलेलं पानही त्यांनी पावाच्या तुकड्यानं पुन्हा पुसून घेतलं.

सकाळी ते निघाले आणि ती मागोमाग गेली. अडवणं जमलं नाही. त्यांनी काही वाद घातला नाही, नुसते बूट घातले. उतारावर तिचे पाय इतके जड झाले, की दगडी कुंपणाला हात लावत लावत ती उतरली. तिनं ठरवलं होतं, वरच्या वाळूत थांबायचं. पण बाबा इतके सावकाश चालत होते, आणि पाठमोरे इतके एकटे दिसत होते, की ती चालतच राहिली. ऊन चांगलं वर आलं होतं. समुद्र मागे हटलेला, आणि किनाऱ्यावर रात्रीच्या भरतीनं सोडलेली ती लांब वाकडी रेघ. इथं ती तपकिरी होती. जाड पट्ट्यांचं शेवाळ, चामड्याच्या वाद्यांसारखं, त्यात बुडबुड्यांच्या माळा, वागळी माशाच्या अंड्यांच्या शिंगं असलेल्या काळ्या पिशव्या, समुद्रफेणाचे पांढरे तुकडे, खेकड्याची रिकामी पाठ, आणि त्या सगळ्यात विणला गेलेला निळा-नारिंगी नायलॉनचा दोर, बाटल्यांची झाकणं, कालवं वाढवायच्या पिशव्यांचे रबर, कुणाची तरी एक हिरवी सपात. बाबांनी बुटाच्या टोकानं एक ढीग उलटा केला. खालून शेकडो वाळूतल्या पिसवा उसळल्या, तांदळाचे दाणे तव्यावर तडतडावेत तशा.

"माझे कामगार," बाबा म्हणाले. "रात्रभर राबतात. पगार नाही, संप नाही. हे सगळं खाऊन वाळू करून टाकतात. त्यांना पक्षी खातात. ते यंत्रवालं पोरगं म्हणतं, आजोबा, ही घाण आहे. मी म्हटलं, तुझ्या आजीचं स्वयंपाकघर आहे ते."

रोझेन वाकली. पिसवा तिच्या हातावर आदळत होत्या, थंड, नखाएवढ्या. ढिगाच्या आत हात घातला तर ऊब लागली. माश्यांचे ढग उठून पुन्हा बसत होते. लहानपणी ती आणि आई याच रेघेच्या कडेनं चालत, आई पुढे, ती मागे, आणि आई जे जे सापडेल ते मागे न बघता हातात देत जाई, शिंपला, बी, काचेचा झिजलेला तुकडा, आणि ती खिशात भरत जाई. आईचा मागे आलेला हात तिला दिसला, ओला, तळव्यावर वाळू चिकटलेला. तिनं मान वर केली तेव्हा बाबा पुढे गेले होते.

ती त्यांच्यामागे निघाली. पायांखालची रेघ हळूहळू बदलत होती. तपकिरी पट्ट्यांत हिरवं मिसळू लागलं, मग हिरवं जास्त झालं, मग सगळं हिरवं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते तिला कळेना. वारा तोच, ऊन तेच. मग कळलं. आवाज नव्हता. माश्यांची गुणगुण मागे राहिली होती. तिनं पायानं एक ढीग उलटा केला, बाबांनी केला तसा. खाली काळं होतं, डांबरासारखं, आणि काहीच उसळलं नाही. तिनं दुसरा केला. त्यात काही पिसवा होत्या, करड्या, आडव्या पडलेल्या. तिनं नाकानं श्वास घेतला, मूर्खासारखा, सवयीनं. हवा स्वच्छ होती.

"बाबा," ती म्हणाली.  पुन्हा म्हणाली, "बाबा, थांबा."

बाबा घरट्यापाशी पोचले होते. चार काठ्या रोवलेल्या, मधे खळग्यात काहीतरी, आणि चिखल्या मादी पंख मोडल्याचं सोंग करत लंगडत दूर पळत होती. इथवर ठीक होतं, इथं वाळू उंच होती. पण पाचवी काठी रात्रीच्या पाण्यानं उपटून खाली ओढ्याच्या कडेला नेली होती, हिरव्या पापडीवर आडवी पडली होती. बाबांनी मागे वळून हात केला, आलोच, अशा अर्थाचा, आणि ते काठीकडे उतरले. पापडी त्यांच्या बुटाखाली कडकन मोडली. ते वाकले. काठी त्यांच्या हातात आली. मग ते हळूच गुडघ्यांवर बसले, चष्मा पडला असावा आणि तो शोधत असावेत तसे, आणि एका कुशीवर कलले.

रोझेन उभी होती. पुढे ते तिला सगळ्यात जास्त छळणार होतं, की ती उभी होती. पायांना कुणी खिळे ठोकलेत असं नव्हतं, पाय मोकळे होते, आणि त्यांना मागे जायचं होतं. पोटातलं जनावर ओरडत होतं. तिला दिसत होतं, की आपण पुढे जाऊ आणि बाबांच्या शेजारी आडव्या होऊ, आणि संध्याकाळी भरती आली की दोघांना उचलून रेघेवर ठेवेल, दोर आणि सपातेच्या शेजारी. आणि डॉक्टर म्हणेल, म्हाताऱ्याचं हृदय, आणि पोरीला धक्का सहन झाला नाही. ते वाक्य तिला आख्खं ऐकू आलं, त्या डॉक्टरच्या मऊ आवाजात. आणि त्या मऊपणाचीच तिला अशी भीती वाटली, की तिच्यापुढे पहिली भीती लहान झाली.

वारा समुद्रावरून येत होता. ती धावली ती सरळ नाही, वळसा घेऊन, ओल्या वाळूतून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथं तिनं छाती भरून घेतली आणि तोंड मिटलं. पापडी मोडून पाय मांडीपर्यंत आत गेले. खालचं काळं कोमट होतं. बाबांचा रबरी कोट कॉलरपाशी हातात आला, आणि तिनं ओढलं. बारीक झालेला माणूस इतका जड कसा, असं तिला वाटलं. पुन्हा ओढलं. कानांत ढोल वाजायला लागले. छाती म्हणत होती, घे, एक घे, आणि डोळे सांगत होते, कोरड्या वाळूत आलीस की, आता घे. पण कोरडी वाळू म्हणजे काय? नाक असतं तर कळलं असतं. इथली हवाही तशीच, तिथली हवाही तशीच. ती ओढत राहिली, चढावर, काठ्यांच्या पलीकडे, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले तरी, गुडघ्यांवर, तपकिरी रेघेपर्यंत. बाबांचं डोकं त्या चामड्यासारख्या शेवाळात टेकलं आणि ढिगातून पिसवा उसळून तिच्या मनगटांवर, गालांवर आदळल्या. जिवंत होत्या. तिथं तिनं श्वास घेतला.

बाबा श्वास घेत होते. उथळ, घोरल्यासारखा. तिनं त्यांना कुशीवर वळवलं, फोन लावला, जागा सांगितली, आणि त्यांच्या ओठांवर चढलेली एक पिसू बोटानं काढली. चिखल्या मादी लंगडायचं सोडून घरट्यावर जाऊन बसली होती.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं बाबांच्या तोंडावरचा मास्क नीट केला आणि कागदावर नजर ठेवून विचारलं, "वय बघता... आधी हृदयाचा काही त्रास?" रोझेन भिंतीला टेकून उभी होती, मांडीपर्यंत काळी.  तिला ठाऊक होतं, नुसतं 'ठाऊक नाही' म्हटलं तरी पुरे होईल, आणि गावात कुणाचंही वाकडं होणार नाही. ती म्हणाली, "हृदय नाही. ओढ्याच्या तोंडाशी कुजलेल्या शेवाळाचा वायू आहे. रक्त आत्ता घ्या, उशीर केलात तर दिसणार नाही. माझंही घ्या." डॉक्टरनं मान वर केली. मास्कच्या वरून बाबा तिच्याकडे बघत होते. त्या डोळ्यांत राग होता की काय ते तिला कळलं नाही. मग त्यांनी स्वतःच बाही वर सरकवली.

रक्तात ते सापडलं. बाबा घरी आले, पायऱ्या चढताना भिंतीला धरू लागले, शब्द मधेच हरवू लागले, पण आले. किनाऱ्यावर पट्ट्या बांधून वाट बंद झाली. शहरातून माणसं आली, फोटो काढून गेली, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी आईचंही विचारलं. रोझेननं जे झालं ते सांगितलं. त्यानंतर गावातली पाववाली तिला पाव देताना सुटे पैसे हातावर ठेवण्याऐवजी फळीवर ठेवू लागली. वाटेत एका म्हातारीनं हाक मारून म्हटलं, "तुला काय, तू जाशील शहरात परत." त्यात खोटं काहीच नव्हतं. रोझेन रात्री खुर्चीत बसायची, बाबांच्या खोलीचं दार उघडं ठेवून, त्यांचा श्वास ऐकत. नाक परत आलं नव्हतं. भीतीही कुठे गेली नव्हती, फक्त आता तिला एक जागा होती, ओढ्याच्या तोंडाशी, सगळ्या गावाला दिसेल अशी.

एका दुपारी फाटकाशी फांशमामा उभा दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. पाठीतून वाकला होता, टोपी हातात. ती बाहेर गेली, पण फाटक उघडलं नाही.

"आत येत नाही मी," तो म्हणाला. "बुटांना शेडीतली घाण आहे."

"बरं."

"पेर कसा आहे?"

"चालतात. विसरतात मधेच."

मामानं मान हलवली. तिला वाटलं, आता येईल ते, आमच्या पोटावर पाय दिलास, सख्ख्या मामाच्या. तिचे हात फाटकाच्या गजाला घट्ट धरून होते. पण त्यानं तिच्या हातांकडे बघत विचारलं, "त्या दिवशी तूही पडली होतीस ना गं तिथं? स्वाझिगच्या शेजारी?"

"हो. तिच्यापर्यंत पोचले नव्हते."

"मग तुला ठाऊक असेल." त्याचा जबडा हलत होता, काहीतरी चावत असल्यासारखा. "तिला फार झालं का? म्हणजे, घुसमटून... मी अंथरुणात तोंडावर उशी दाबून पाहायचो. कसं वाटलं असेल ते बघायला. बायकोला वाटायचं, मी घोरू नये म्हणून करतो. पुष्कळदा पाहिलं. दर वेळी मीच काढून टाकायचो उशी."

रोझेननं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिनं त्याला कबरीपाशी टोपी धरून उभा असलेला तेवढाच पाहिला होता. त्याला म्हणता आलं असतं, हो, फार झालं. त्याला ते हवंच होतं बहुतेक, त्यासाठीच तो चढ उतरून आला होता.

"नाही मामा," ती म्हणाली. "आधी वास येतो, मग तो जातो. मग बरं वाटतं. मला तर छान वाटलं होतं. तिलाही वाटलं असेल. त्यापुढे काही कळत नाही."

"छान," मामा म्हणाला.

"हो."

त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. घरातून बाबांचा आवाज आला, जड जिभेनं, "रोझ, कोण आहे?"

"मामा आलाय."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "मग त्याला बाहेर का उभं केलंयस?"

तिनं फाटक उघडलं. मामा दारापर्यंत आला आणि बूट काढायला वाकला, पण पाठ वाकेना, नाडीची गाठ सुटेना. ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. चामड्यावर, शिवणींत, नाडीच्या भोकांत सगळीकडे काळपट घाण वाळून बसली होती, आणि रोझेनचं तोंड त्या घाणीपासून वितीवर होतं. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. नखांनी ती उकलताना तिच्या लक्षात आलं, की आपण केव्हापासून श्वास रोखून धरलाय. वर मामा एका हातानं चौकट धरून, एक पाय पुढे करून थांबला होता, लहान पोर थांबतं तसा. तिनं श्वास घेतला आणि दुसरा बूट हातात धरला.